काजव्यांच्या मोसमाआधी आपल्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सर्व ग्रामसभा,
कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर

सर्व वडीलधाऱ्यांना, माता-भगिनींना आणि तरुण मित्रांना सादर राम राम.

पर्यटनाविषयी पत्र लिहायचे म्हटले की ते मंत्र्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना किंवा वनखात्याला लिहायचे, अशी आपली रीत आहे. मी ते मुद्दाम ग्रामसभांना लिहीत आहे, कारण आपल्या डोंगरात किती माणसे यावीत, कुठपर्यंत यावीत आणि त्यांच्यामुळे येणारा पैसा कोणाच्या हातात पडावा, हे ठरवण्याची पहिली जागा ग्रामसभा आहे, असे मी मानतो. ती जागा आपण रिकामी ठेवली आहे. मेच्या अखेरीस काजव्यांचा मोसम सुरू होईल, पाठोपाठ धबधब्यांचा सुरू होईल, आणि आपण ठरवले नाही तर दुसरे कोणीतरी ठरवेल.

मी याच डांगाणातला, म्हणजे अकोल्याच्या पश्चिमेकडच्या या डोंगरी पट्ट्यातला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर घरची भातखाचरे पाहतो. गेली काही वर्षे आमच्या घरी पाहुणे जेवायला व मुक्कामाला येतात. स्वयंपाक माझी पत्नी आणि सून करतात. म्हणजे या विषयात माझा स्वतःचा स्वार्थ आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा. पर्यटक नकोत, असे मी म्हणत नाही. ज्या घरातली माणसे दिवाळीनंतर पोराबाळांसह नारायणगावच्या बाजूला भाजीच्या मळ्यांवर मजुरीला जातात, त्या घराला गावातच दोन पैसे मिळाले तर त्याच्याइतके चांगले काही नाही. वर्गात जानेवारीत निम्मी बाके रिकामी होताना मी पाहिली आहेत. माझ्या दृष्टीने इथल्या पर्यटनाला एकच कसोटी लावावी : त्यामुळे ती बाके भरलेली राहतात की नाही?

या कसोटीवर आजचा प्रकार उतरत नाही. आपल्याकडे गर्दी होते ती काजव्यांच्या तीन आठवड्यांत, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी, नवरात्रात कळसूबाईला आणि वर्षअखेरीच्या सुट्टीत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे घरातले धान्य सरत येते आणि माणूस बाहेर पडतो त्या वेळी, इकडे फारसे कोणी फिरकत नाही. गर्दीच्या चार रात्रींत जलाशयाच्या काठावर तंबूंच्या रांगा उभ्या राहतात, त्यांची नोंदणी शहरात बसून मोबाइलवर होते, पैसे तिकडेच जमा होतात आणि आपली मुले तंबू ठोकण्यासाठी, शेकोटीची लाकडे आणण्यासाठी व सकाळी कचरा गोळा करण्यासाठी रोजावर लागतात. आपल्याच गायरानालगत, आपल्याच झाडांखाली आपण रोजंदारीवर आलो, आणि हे इतके हळूहळू झाले की कोणत्या वर्षी झाले हेही सांगता येत नाही.

पाण्याचे घ्या. घाटघर-रतनवाडीकडे राज्यातला सर्वांत जोरदार पाऊस पडणाऱ्या ठिकाणांमध्ये गणला जाईल असा पाऊस पडतो. भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. त्या पाण्यावर खाली प्रवरेच्या खोऱ्यात शंभर वर्षे ऊस आणि बागा उभ्या राहिल्या. आपला कातळ मात्र पाणी धरून ठेवत नाही, आणि मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर बायका पहाटे विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. काजवे नेमके त्याच दिवसांत येतात. गेल्या मोसमात एका शनिवारी आमच्या वाडीच्या विहिरीवर एका तंबूवाल्याने मोटार सोडली आणि दोन टाक्या भरून नेल्या. रविवारी सकाळी माझी सून रिकामी कळशी घेऊन परत आली. त्या दिवशी आमच्याकडे सहा पाहुणे होते आणि त्यांच्या आंघोळीला पाणी नव्हते. ते समजूतदार होते, हातपाय धुण्यावर भागवले. पण विहीर कोणाची आणि तिच्यातून कोणी किती घ्यायचे, हे सांगणारा एकही ठराव आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत नव्हता, म्हणून त्या माणसाला अडवायला आमच्याकडे शब्द नव्हता.

म्हणूनच माझे पहिले मागणे संख्येचे आहे. प्रत्येक गावाने मेमधल्या आपल्या पाण्यावरून हिशेब मांडावा : गावाला रोज किती लागते, जनावरांना किती लागते, आणि उरते त्यात किती पाहुण्यांची सोय होते. तो आकडा चाळीस आला तर चाळीस, शून्य आला तर त्या मोसमात मुक्काम बंद. हा आकडा अधिकाऱ्याने कार्यालयात बसून काढायचा नसतो. तो विहिरीत उतरणाऱ्या बाईला ठाऊक असतो, आणि म्हणून ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा घ्यायची असते, ती या वेळी केवळ सह्यांपुरती घेऊ नये.

आता काजव्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्यासाठी एवढी माणसे येतात त्यांचा संसार आपण तरी नीट समजून घ्यायला हवा. आपण पाहतो तो उडणारा काजवा हे त्या किड्याच्या आयुष्याचे शेवटचे काही दिवस असतात. त्याआधी तो अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली राहतो आणि गोगलगायींसारखे मऊ जीव खाऊन वाढतो. मोठा झाल्यावर त्याला एकच काम उरते, जोडीदार शोधणे. नर उजेडाची खूण करत उडतो आणि मादी झुडपात किंवा जमिनीलगत बसून त्याला उत्तर देते. म्हणजे आपण ज्याला देखावा म्हणतो ते त्यांचे बोलणे आहे. त्यात गाडीचा दिवा किंवा मोबाइलची बत्ती पडली की ते बोलणे तुटते, आणि झाडाखाली शंभर माणसे फिरली की त्यांच्या पायांखाली माद्या, अंडी आणि पुढची पिढी चिरडली जाते.

गेल्या जूनमध्ये नाशिकच्या एका कुटुंबाला मी खळ्यामागच्या सादड्याच्या झाडापाशी घेऊन गेलो होतो. आम्ही झाडापासून वीस पावलांवर बांधावर बसलो, बत्त्या बंद केल्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत कोणी बोललो नाही. आधी एका फांदीवर चार-दोन ठिपके दिसले, मग शेजारची फांदी उजळली, आणि पाहता पाहता बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजेडाची लाट चढू लागली; सगळे झाड एकदम पेटायचे, एकदम विझायचे, पुन्हा पेटायचे. तेवढ्यात वळणावर एक जीप आली आणि तिच्या दिव्यांचा झोत झाडावर पडला. जीप निघून गेली तरी झाड काळेच राहिले. आम्ही बराच वेळ थांबलो, तेव्हा कुठे खालच्या एका फांदीवर एक ठिपका परत लुकलुकला. त्या कुटुंबातली लहान मुलगी आमच्याबरोबर उतरताना मला म्हणाली की त्या गाडीवाल्यांना हे कोणी सांगितले नसेल. तिचे म्हणणे खरे आहे. त्यांना सांगणारे आपण आहोत, आणि सांगायचे काय, कुठे आणि कोणत्या अधिकाराने, हे आपण अजून ठरवलेले नाही.

वनखात्याच्या नाक्यांवर प्रवेश शुल्क घेतले जाते आणि वेळेचे बंधनही घातले जाते. त्याचा उपयोग होतो. पण रात्री बारा वाजता कोणत्या झाडाखाली काय चालले आहे, हे मोजक्या वनरक्षकांना दिसू शकत नाही, ते आपल्याला दिसते. म्हणून गाड्या गावाच्या वेशीबाहेर उभ्या कराव्यात, तिथून पुढे गावातल्या माणसाबरोबर पायीच जावे, एका माणसामागे दहापेक्षा जास्त पाहुणे नसावेत, आणि गावातली काही झाडे दरवर्षी पूर्ण मोकळी सोडावीत, जिथे आपणसुद्धा कोणाला नेणार नाही. स्पीकरबंदीचे तर वेगळे सांगायला नको.

इथे आपल्या स्वतःच्या वागण्याविषयीही बोलले पाहिजे. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना आपण सादडा, हिरडा, जांभूळ यांच्या फांद्या उतरवतो आणि पालापाचोळा गोळा करून जाळतो. ही आपली पिढीजात शेती आहे आणि ती उद्यापासून बंद करा, असे सांगणारा मी नाही. पण ज्या झाडांवर काजवे येतात ती राबासाठी तोडायची नाहीत, आणि त्यांच्या खालचा पाला तसाच राहू द्यायचा, एवढे तरी आपण ठरवू शकतो. वणव्याचेही तसेच आहे. डोंगराला लागलेली आग वाडीपर्यंत येत नाही म्हणून आपण निवांत राहतो, आणि तिच्यात पुढच्या वर्षीचे काजवे मातीतच भाजून निघतात.

कोणी म्हणेल की गावाला हे सगळे ठरवण्याचा अधिकार कोठून आला. अकोले तालुक्याचा आपला भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून आपल्याला १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू आहे, आणि त्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. आपल्या चालीरीती आणि सामूहिक साधनसंपत्ती जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असे तो कायदा स्पष्ट म्हणतो. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यातही लागू होतो. आपले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले म्हणून त्या हद्दीतले आपले वनहक्क आपोआप संपत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये वन्यजीव, जंगल आणि पाणलोट यांचे रक्षण करण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला दिलेला आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता अशा ठरावीक सार्वजनिक सोयींसाठी, ग्रामसभेची शिफारस असेल तर, थोडी वनजमीन देता येते. त्या यादीत रिसॉर्ट नाही. हे मी वकील म्हणून सांगत नाही, कायद्याची मराठी प्रत घेऊन बसलेला एक शिक्षक म्हणून सांगतो, आणि प्रत्येक गावातल्या दोन शिकलेल्या मुलांनी ती प्रत वाचून काढावी अशी माझी विनंती आहे.

जमिनीचा विषय मात्र इतका नाजूक आहे की त्यावर मी अधिक कठोर शब्दांत लिहिणार आहे. जलाशयाकडे तोंड असलेल्या खाचरांसाठी आता माणसे घरोघर येऊ लागली आहेत. ती गोड बोलतात, मुलाला नोकरी देऊ म्हणतात, आणि कागदावर सही करायला सांगतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्रीने, गहाणाने किंवा भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय जाऊ शकत नाही; पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्यापुढच्या व्यवहाराला शासनाचीही मान्यता लागते. ही अट आपल्याला अडवण्यासाठी नाही, ती आपल्या नातवंडांचे खाचर राखण्यासाठी आहे. तोंडी करार, नोटरीचे कागद, आपल्यातल्याच कोणाच्या नावावर घेऊन चालवायचे व्यवहार, या सगळ्या पळवाटा आपल्या सहकार्याशिवाय चालू शकत नाहीत. ज्याला पैशाची निकड आहे त्याने ती गावापुढे मांडावी, आणि गावाने त्याची लाज न काढता वाट शोधावी, कारण अडचणीत एकटा पडलेला माणूसच सही करतो.

दुसरीकडे हे जमलेले आहे का, असे विचारणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एकदा जाऊन यावे. तिथे समुद्री कासवांची अंडी चोरली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, घरचे जेवतात, आणि पिल्ले समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहतात. साताऱ्याच्या कास पठारावर आसपासच्या गावांच्या समितीमार्फत शुल्क घेतले जाते आणि दिवसाला किती माणसे सोडायची यावर मर्यादा आहे. कासकडून आणखीही एक धडा घेण्यासारखा आहे : फुले राखण्यासाठी तिथे कुंपण घातले, त्याने गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि फुले कमी होत असल्याची तक्रार गावकरी करू लागले, शेवटी ते कुंपण काढावे लागले. आपली डांगी जनावरे ज्या डोंगरावर चरतात तो डोंगर त्यांच्यासह तसा आहे, हे उद्या कोणी सुशोभीकरणाचा आराखडा घेऊन आले तर त्यांना सांगता आले पाहिजे. आणि इतक्या लांब जायचे नसेल तर आपल्याच तालुक्यातल्या पुरुषवाडीने बऱ्याच वर्षांपासून पाहुण्यांना घरोघर वाटून घेण्याची पद्धत चालवली आहे. तिथल्या मंडळींना एका बैठकीला बोलावून त्यांचे काय जमले आणि काय फसले हे ऐकावे, असे मला वाटते.

घराघरांत पाळीने पाहुणे जाणे हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण एरवी रस्त्याकाठच्या चार घरांनाच धंदा मिळतो आणि वरच्या वाडीतले लोक नुसते गाड्यांचा धुरळा खातात. माझे घर रस्त्याकाठी आहे. पाळी लावली तर माझे पाहुणे कमी होतील हे मला माहीत आहे आणि मी त्याला तयार आहे.

जेवणाविषयी घरातल्या बायकांना एक सांगणे आहे. सुरुवातीला आमच्याकडेही पाहुणे म्हणून पनीरची भाजी केली जायची. पनीर संगमनेरहून यायचे, मसाला पुडीतला, तेल पिशवीतले, आणि ताटाचे पैसे मोजले की गावात राहिलेला भाग अगदी थोडा असायचा. पत्नीने ते एका मोसमात बदलले. आता ताटात नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचे घुटे, काळभात किंवा आंबेमोहर आणि त्या दिवसांत रानात जे असेल ते, म्हणजे कधी कुरडूची भाजी, कधी भोकराची. नागली आमची, खुरासणी शेजारच्या घरची, रानभाजी पलीकडच्या वाडीतली आजी आणून देते आणि तिला तिचे पैसे त्याच दिवशी मिळतात. आपल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते बियाणे शेतात टिकायचे असेल तर ते ताटातही आले पाहिजे, आणि त्यासाठी पैसे मोजायला तयार असलेला माणूस आपल्या दाराशी येतो आहे. ताटाचा दर मात्र बचत गटांनी सगळ्या गावांसाठी मिळून ठरवावा, नाहीतर एकमेकींचे दर पाडण्यात बायकांचेच कष्ट मातीमोल होतील.

वाटाड्यांविषयी थोडेच. सांदण दरीत किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर कोणी अडकले तर दोर घेऊन आधी पोहोचतात ती साम्रदची, पाचनईची आणि आसपासची मुले. त्यांना प्रथमोपचाराचे आणि दोरकामाचे रीतसर प्रशिक्षण, ओळखपत्र आणि विमा मिळाला पाहिजे, आणि ग्रामसभांनी ही मागणी एकत्र येऊन लेखी करावी. पावसात सांदण बंद म्हणजे बंद, जास्त पैसे देणाऱ्यासाठीही बंद, हे मात्र आपण पाळायचे आहे.

शासनाकडे मागायचे ते स्पष्ट मागावे. प्रवेश शुल्क किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, याचा हिशेब मोसम संपल्यावर प्रत्येक गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जावा. वेशीवर वाहनतळ आणि स्वच्छतागृहे व्हावीत, कचरा खाली नेण्याची गाडी असावी, गर्दीच्या रात्री राजूरपासून वर रुग्णवाहिका उभी असावी. नवा मोठा रस्ता, रोपवे किंवा काचेचा पूल यांतले काही येणार असेल तर त्याचा कागद आधी ग्रामसभेपुढे यावा. उन्हाळ्यापूर्वीच्या रिकाम्या महिन्यांत शाळा-महाविद्यालयांच्या सहली इकडे आणण्यासाठी पर्यटन विभागाने मदत केली, तर अमृतेश्वराचे देऊळ, केदारेश्वराची गुहा, खाचरांची बांधबंदिस्ती आणि राजूरचा बाजार दाखवायला आपल्याकडे पुष्कळ आहे, आणि नारायणगावची वाट धरणारी काही घरे तरी त्या काळात थांबतील.

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. विषयपत्रिका लागण्याआधी सरपंचांकडे लेखी अर्ज देऊन त्यात हे विषय घालून घ्यावेत : पाहुण्यांची संख्या आणि विहिरीचे पाणी, राखीव झाडे, गाड्यांची जागा, घरांची पाळी, ताटाचा दर, आणि जमिनीच्या कोणत्याही व्यवहाराची खबर ग्रामसभेला देण्याचा ठराव. आमच्या वाडीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी राजूरच्या आठवडे बाजारी भेटावे, मी त्याच्या प्रती काढून आणतो. ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांच्यासाठी तिथेच बसून लिहून देईन.

आपला,
डांगाणातील एक निवृत्त शिक्षक